फळीवरचा नंबर

दिग्रससारख्या गावात सँडविचचं दुकान धो-धो चालतं, असं पुसदच्या पाहुण्याला सांगितलं की तो आधी हसतो. हसू द्यावं. मग दुपारी एक वाजता त्याला कापूस बाजाराच्या फाटकासमोर आणून उभं करावं. टिनाचं छप्पर, पुढे कडुनिंबाची सावली, सावलीत वीस-पंचवीस माणसं, आणि एवढी गर्दी असून ढकलाढकली नाही, "माझं झालं का, माझं झालं का" असा कंठशोष नाही. माणसं मजेत बसलेली. कुणी पेपर वाचतोय, कुणी शेजाऱ्याच्या पोरीच्या लग्नाची चौकशी करतोय. पाहुण्याचं हसू तिथंच मावळतं, आणि थोड्या वेळानं तो हळूच विचारतो, "आपला नंबर कसा लावायचा?"

दुकान हलीमाचं. सारा गाव तिला आपा म्हणायचा, तिच्याहून दहा वर्षांनी थोरले असलेलेसुद्धा. नवरा जमीर जिनिंगमध्ये, कापसाची सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर. कापूस येणं कमी झालं, जिनिंग पाच महिन्यांची अडीच महिन्यांवर आली, आणि जमीर उरलेलं वर्ष घरी बसून बायकोच्या स्वयंपाकाला नावं ठेवू लागला. हलीमा म्हणाली, "गावाले खाऊ घालतो, तुले आवडत नाई तं." जमीरनं जिनिंगच्या भंगारातून दोन जाड लोखंडी पत्रे आणले, घासूनपुसून बिजागरी लावली, वर दांडा बसवला आणि तिला सँडविच दाबायचा साचा करून दिला. आत उकडलेला बटाटा, कांदा, टमाटा, हिरवी चटणी, आणि वरून वऱ्हाडाला साजेसा ठेचा. कोळशाच्या शेगडीवर साचा ठेवला की वास फाटकापलीकडे जायचा. कांदा-बटाटा चिरायला तिची विधवा नणंद नाहिद. दोघी बायका, एक शेगडी, बस्स.

पहिल्या वर्षी रोज तमाशा. ज्याचा आवाज मोठा त्याला आधी. कन्याशाळेच्या बाई अर्धा तास उभ्या राहून उपाशी परत जायच्या. हलीमाला रात्री झोप यायची नाही, इतका तिला या गोष्टीचा राग. मग एके दिवशी तिचं लक्ष समोरच्या फाटकाकडे गेलं. तिथं कापसानं भरलेल्या बैलबंड्यांची रांग होती. बंडीवाला बैल सोडून पाणी पाजायला नेतो, चहा पितो, झाडाखाली झोप काढतो, पण त्याची बंडी जागची हलत नाही, आणि तिच्या पुढे कुणी घुसत नाही. बंडी उभी म्हणजे माणूस उभा. हलीमानं दुसऱ्या दिवशी एक लांब फळी आणून दुकानापुढं ठोकली. आलात की हातात जे असेल ते फळीवर ठेवा आणि सावलीत बसा. पिशवी, हेल्मेट, छत्री, गाठोडं, काहीही. डावीकडून उजवीकडे. वस्तू तिथं म्हणजे तुम्ही तिथं. तहसीलदाराचा शिपाई असो की हमाल, वस्तूला हुद्दा नसतो.

बाकीचं तिच्या डोक्यात. बँकेतल्या शिपायाला मूळव्याध, त्याला ठेचा चालत नाही. हे तो कधी बोलला नाही आणि हलीमानं चारचौघांत त्याला कधी विचारलं नाही. ती नुसता ठेचा वगळायची. कापसाच्या एका व्यापाऱ्याचे दिवाणजी कांदा-बटाटा खात नसत, त्यांचं काकडी-टमाट्याचं, आणि त्यासाठी सुरीसुद्धा वेगळी. कुणाला पुसदची बस धरायची आहे, कुणाला भांडणाचं मन झालंय म्हणून जरा थंड पाणी आधी द्यावं, हे ती चेहऱ्यावरून ओळखायची. जेवायला आलेल्या माणसाला आपली आठवण ठेवणारं कुणीतरी हवं असतं, आणि आपल्या पुढं कुणी घुसणार नाही ही खात्री. यापलीकडं तिच्या दुकानात जादू काही नव्हती. असं नऊ वर्षं चाललं.

दोन हजार सहाच्या जानेवारीतली ही गोष्ट. त्या वर्षांत कापसाचं सगळंच फिसकटलं होतं. भाव पडलेले, सरकारी खरेदी उशिरा सुरू झालेली, आणि फाटकावर बंड्यांची रांग पार वळणापर्यंत गेलेली. माणसं तीन-तीन रात्री बंडीखाली झोपत. त्यातून दोन दिवसांपासून एक कुजबुज होती, की रात्री व्यापाऱ्यांचे टेम्पो मागच्या फाटकातून आत जातात आणि सकाळी आधी काट्यावर लागतात. कुणी डोळ्यानं पाहिलेलं नव्हतं. पण बंडीखाली थंडीत कुडकुडणाऱ्या माणसाला तेवढं ऐकूनही पुरतं.

रांगेत सगळ्यात पुढं पोचला होता पूनमसिंग. जवळच्याच तांड्यावरचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. बरोबर बायको बसंतीबाई. तिसऱ्या दिवशी त्याची बंडी काट्यापाशी लागली आणि बसंतीबाई निवांत मनानं हलीमाकडे आली. फळीवर तीन वस्तू होत्या. तिनं आपलं गाठोडं चौथं ठेवलं आणि निंबाखाली टेकली.

"आज गरमच पाह्यजे आपा," ती म्हणाली. "तीन दिस झाले, शिळी भाकर खाऊन राह्यलो. आता काटा झाला का घरी."

"गरमच देतो ना वो बाई. बस तू."

पाऊण वाजता फाटकाकडून गलका उठला. ग्रेडरनं पूनमसिंगची बंडी परत फिरवली होती. ग्रेडर म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा साहेब. बंडीतून मूठभर कापूस उपसायचा, बोटांनी धागा ओढून पाहायचा आणि एका शब्दात सांगायचा, घ्या किंवा नका. हा साहेब याच हंगामात आलेला, बाहेरगावचा. त्यानं वरचा कापूस मुठीत दाबला आणि म्हणाला, "ओला आहे. नाही चालणार." मागच्या चार बंड्याही त्यानं तशाच फिरवल्या, आणि काटा बंद करून ऑफिसात जाऊन बसला. माणसांनी ऑफिसला वेढा घातला. कुणीतरी खिडकीवर दगड मारला. समोरच्या चहावाल्यानं दगडाचा आवाज ऐकला आणि शटर ओढून घेतलं.

बसंतीबाई उठून उभी राहिली. जावं की बसावं, तिला कळेना. गाठोड्याकडे एकदा पाहिलं, फाटकाकडे एकदा पाहिलं. तेवढ्यात दुकानाच्या बाजूच्या बोळातून ग्रेडरसाहेबच आला.

ऑफिसच्या मागच्या दारानं निसटला होता. शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, आणि थंडीचे दिवस. सवयीनं त्यानं खिशातलं चष्म्याचं घर काढून फळीवर ठेवलं. चौदावी वस्तू. मग खांबाला धरून खाली बसला.

हलीमाला त्याचं दुखणं माहीत होतं. पहिल्याच दिवशी त्यानं सांगितलं होतं, "आपा, मला शुगर आहे. सुई घेतो. एकच्या ठोक्याला पोटात काही गेलं नाही तर साखर उतरते, हात थरथरतात." तो रोज पावणेएकला यायचा ते त्यासाठीच. तिनं त्याच्या हातांकडे पाहिलं. थरथरत होते.

"साखर दे ना त्याले थोडी," नाहिद कानाशी कुजबुजली.

साखर कुठून देणार? चहा हलीमानं कधी ठेवला नाही, समोरच्याच्या पोटावर पाय नको म्हणून. दुकानात सगळंच तिखटमिठाचं. आणि समोरचं शटर खाली. फाटकाकडचा गलका आता जवळ येत होता. ऑफिस रिकामं आहे हे लोकांना कळलं होतं.

हलीमानं फळीवरून नजर फिरवली. तेरा जणांचं होईपर्यंत हा माणूस शुद्धीवर राहणार नाही, आणि राहिला तर ते लोक याला इथंच, तिच्या दुकानात, धरतील. साच्यात एक सँडविच तयार होतं, पहिल्या नंबरचं, पोस्टमनचं. तिनं ते उचलून ताटलीत घातलं आणि ग्रेडरच्या हातात दिलं.

"साहेब, घ्या अन् मांगच्या दारानं निंगा. चालता चालता खा."

"दोन मिनिटं," तो म्हणाला. "पायांत त्राण नाही."

पोस्टमननं एकदा आपल्या पिशवीकडे पाहिलं, एकदा हलीमाकडे.  सावलीतल्यांचे पेपर खाली आले. नऊ वर्षांत हे कुणी पाहिलं नव्हतं.

सँडविच कढत होतं. ग्रेडर फुंकर घालत बसला. त्या फुंकरीनं घात केला, कारण तेवढ्यात पूनमसिंग समोर येऊन उभा राहिला. मागं पंचवीसेक माणसं. पूनमसिंगच्या हातात बैल हाकायची तुतारी, टोकाला खिळा ठोकलेली. त्यानं ग्रेडरकडे पाहिलंच नाही. आधी फळीकडे पाहिलं. बायकोचं गाठोडं कुठं आहे, चष्म्याचं घर कुठं आहे, ते डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत पाहिलं. मग हलीमाकडे.

"इथंबी तेच का आपा?" त्याचा आवाज फाटला होता. "तिकडं टेम्पो आमच्या आंदी, अन् इथं हा आमच्या आंदी?"

हलीमाला वाटलं, कुणी मुस्कटात मारली असती तर बरं झालं असतं. चांगल्या मनानं केलं होतं, हे कुणाला सांगणार? टेम्पो आत सोडणारासुद्धा काहीतरी कारण सांगतच असेल. मागून कुणीतरी ओरडलं, "काय पाह्यतं पूनम? ओढ त्याले!" दोघं पुढं सरकले. ग्रेडरनं ताटली छातीशी धरली, पोरानं धरावी तशी.

हलीमा दुकानाबाहेर आली आणि तिनं ती ताटली त्याच्या हातातून ओढून घेतली.

कुणालाच हे अपेक्षित नव्हतं. पुढं सरकलेले दोघं होते तिथंच थांबले.

"चुकलं माह्यं," ती मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "नंबर मोडला म्या. साहेबाचा चौदावा हाये, चौदाव्यालेच भेटन." तिनं ताटली पोस्टमनच्या पुढं ठेवली. मग पूनमसिंगकडे वळली. त्या खिळ्याकडे पाहायचं तिनं कटाक्षानं टाळलं. "अन् तुह्या बायकोचं गाठोडं चौथं हाये भाऊ. तू हातात धरून कायले उभा हाये? ठेव फळीवर. बस."

आता हे पुढं काय झालं ते गावात अनेकांनी अनेक तऱ्हेनं सांगितलं. आपाचा दरारा, आपाची नजर, असं बरंच. मला विचाराल तर कारण साधं आहे. नऊ वर्षं, कापूस आणला की पूनमसिंग याच फळीवर हातातली वस्तू ठेवून जेवला होता. भुकेल्या माणसाला ठेव म्हटलं आणि त्याचा हात आपोआप गेला. तुतारी गाठोड्याच्या बाजूला पडली. ती पडल्यावर मागच्या दोघा-तिघांनीही आपल्या काठ्या फळीच्या शेवटी, चष्म्याच्या घरामागं ठेवल्या. बाकीचे काठ्या धरूनच उभे राहिले.

राग गेला नव्हता. तो फक्त खाली बसला होता.

मग जे सुरू झालं ते जेवण नव्हतं. हलीमा साचा दाबत होती, उघडत होती, कापत होती, आणि पन्नास डोळे ग्रेडरवर. पोस्टमननं दोन घास खाल्ले आणि ताटली मांडीवर धरून बसला. दुसरा नंबर कन्याशाळेच्या बाईंचा, त्यांनी बांधून घेतलं आणि बांधलेलं हातात धरून तिथंच राहिल्या. जायचा त्यांना धीर होईना आणि बसायचाही. तिसरा नंबर बँकेतल्या शिपायाचा. हलीमानं घाबरत घाबरतही त्याचा ठेचा वगळला. ग्रेडरची मान आता खांबाला टेकली होती. ओठ पांढरे पडलेले. तो कुणाला काही मागत नव्हता, आणि तेच पाहवत नव्हतं. हलीमाच्या मनात येत होतं, मी या माणसाच्या तोंडचा घास काढला. हा इथं मेला तर मी काय तोंड दाखवू, माणसांना आणि अल्लालाही? पण आता दुसऱ्यांदा नंबर मोडला तर काठ्या खाली राहणार नव्हत्या.

चौथं झालं. तिनं ताटली पूनमसिंगपुढं केली.

बसंतीबाई मघापासून ग्रेडरकडेच पाहत होती. ती नवऱ्याला म्हणाली, "त्याचे हात पाह्य."

"पाह्यले."

"माह्या भावाचे असेच होत होते. गेला तो."

पूनमसिंग ताटली घेऊन उठला. ग्रेडरजवळ गेला. मागची माणसं सरसावली; नाहिदनं डोळे मिटून घेतले. पूनमसिंगनं ताटली ग्रेडरच्या मांडीवर ठेवली, धाडकन, की कांद्याच्या चकत्या बाहेर आल्या.

"हा माहा नंबर हाये," तो म्हणाला. "आपाचा नाई, माहा. म्या देतो. खाय."

सरसावलेली माणसं थांबली. ज्याचा नंबर त्याचा तो, त्यावर कोण काय बोलणार?

ग्रेडरनं दोन्ही हातांनी सँडविच धरलं आणि घाईघाईनं खाल्लं, चटणी मनगटापर्यंत आली तरी. पूनमसिंग उभाच होता. "खाल्लं का उठायचं अन् माह्या बंडीपाशी यायचं. तीन रात्री उघड्यावर उभं ठेवलं तुमी आमाले. वरून दव पडलं तं वरचा ओला होईल का नाई? कोपरापरेंत हात घाला साहेब. खालचा काढून पाहा. मंग म्हना ओला."

ग्रेडरनं तोंड पुसलं. मग म्हणाला, "चला." उठताना चष्म्याचं घर घेतलं. तो पुढं, पूनमसिंग बाजूला, मागं सारी गर्दी आपापल्या काठ्या घेऊन. पूनमसिंगची तुतारी मात्र फळीवरच राहिली. तो मोकळ्या हातानं गेला.

दुकानापुढं रोजचीच माणसं उरली. हलीमानं ताबडतोब नवीन पाव उघडला. "ये बाई, तुले आंदी करून देतो. सकाळपासून उपाशी हायेस."

बसंतीबाईनं मान हलवली. "आमचा नंबर गेला ना आपा. त्यायनं दिला." तिनं चौथ्या जागेवरचं गाठोडं उचललं, तुतारी उचलली आणि दोन्ही फळीच्या उजव्या टोकाला नेऊन ठेवली. तिच्या पुढं नऊ जण होते.

हलीमाचा हात नव्या पावावरच होता. पण एकदा तोंड भाजलं होतं. तिनं पाचव्या वस्तूच्या मालकाला हाक मारली.

तिकडे बंडीपाशी काय चाललंय ते इथून दिसत नव्हतं. आरडाओरडा नाही, हे चांगलं की वाईट, तेही कळत नव्हतं. बसंतीबाई फाटकाकडे पाठ करून बसली होती. पाचवं झालं, सहावं, सातवं. आठवं कापताना हलीमानं दोनदा मान वर करून फाटकाकडे पाहिलं. मग फाटकातून एक जण पळत आला आणि लांबूनच ओरडला, "बसंतीकाकी! बंडी काट्यावर घेतली! वरचा हातभर काढून ठेवा लागन म्हन्ते साहेब, खालचा कोरडा निंगाला! बाकीच्या बंड्याबी पुन्हा पाहून राह्यला!"

बसंतीबाईनं पदर तोंडाला लावला. रडली की हसली, पदराआड कळलं नाही. पण जागची उठली नाही.

फळीवर तिच्या आधी अजून पाच वस्तू होत्या. आधी एका कॉलेजच्या मुलीनं उठून आपली वही उचलली आणि छातीशी धरून उभी राहिली. मग एका रिक्षावाल्यानं आपला गमछा उचलला. पंचायतीच्या कारकुनाला दोनची घाई होती; तो "च्यायला" म्हणाला, आणि त्यानंही हेल्मेट उचललं. एका म्हाताऱ्यानं काठी उचलली. हलीमा सुरी हातात धरून बघत राहिली. कुणी तिला विचारलं नव्हतं, आणि तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

एक वस्तू राहिली. दिवाणजींची कातडी पिशवी. दिवाणजी तिच्याजवळ उभे होते, लाल चेहऱ्यानं, फाटकाकडे बघत. ज्यांचे टेम्पो रात्री आत जातात म्हणत, त्यांच्यापैकीच एकाचे ते दिवाणजी. सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर. त्यांनी पिशवी उचलली नाही.

रिक्षावाला काही बोलणार, तेवढ्यात हलीमानं त्याला डोळ्यानं दाबलं. तिनं वेगळी सुरी घेतली, काकडी घेतली, टमाटा घेतला, साचा नीट पुसला आणि दिवाणजींचं सँडविच केलं, रोजच्याइतकं लोणी लावून, कणभर कमी नाही. दोन्ही हातांनी दिलं. ते त्यांच्या हक्काचं होतं. दिवाणजींनी ते तिथं खाल्लं नाही. घेऊन खाली मान घालून निघून गेले.

मग तिनं बसंतीबाईचं केलं आणि स्वतः बाहेर नेऊन दिलं. बसंतीबाईनं आधी अर्धं तोडून नवऱ्यासाठी कागदात ठेवलं, आणि मग घास घेतला. गरम घास जिभेवर फिरवत ती म्हणाली, "तू त्या साहेबाच्या हातातून ताटली हिसकली ना आपा, तवा मले वाटलं, आता हे बाई मरते आमच्या लोकायच्या हातानं."

"मलेबी तसंच वाटलं," हलीमा म्हणाली, आणि तिच्या शेजारी जमिनीवरच बसली.